फुटाला एक इंच

ज्याने स्वतःच्या हाताने आकाशकंदील केला आहे त्याला विमान करणे काही जड नाही, असे मी एकदा चहाच्या भरात बोलून गेलो. असली विधाने माणूस करतो आणि विसरतो. पण ऐकणाऱ्यांत आमचे शेजारचे काका होते, आणि त्यांनी ते शब्द पदरी बांधून ठेवले.

काका हवाईदलातून निवृत्त झालेले एअरफ्रेम फिटर. म्हणजे इंजिन सोडून विमानाचे जे अंग असते, धड, पंख, शेपूट, त्याची देखभाल करणारे कारागीर. वय ऐंशीच्या घरात. आणि काचबिंदूने दोन्ही डोळ्यांचा उजेड नेलेला. आमचे राहाता म्हणजे पेरूच्या बागांचे, नगर-मनमाड रस्त्यावरचे गाव. २०१७ साली काकडीला शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून अधूनमधून डोक्यावरून विमान जाते. ते गेले की काका ओसरीवर बसल्या जागी मान वर करतात. बघायला नव्हे, ऐकायला.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ या लढाऊ विमानाला हवाईदलाने कायमचा निरोप दिला. १९६३ साली आलेले विमान, बासष्ट वर्षांनी थांबले. त्या दिवशी मी काकांच्या टीव्हीसमोर बसून त्यांना पडद्यावरचे सांगत होतो. हवाईदलप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी स्वतः मिग चालवले. उतरलेल्या विमानांवर पाण्याच्या फवाऱ्यांची कमान धरली. काका शांतपणे ऐकत होते. तेवढ्यात निवेदकाने ते नेहमीचे नाव घेतले, ‘उडती शवपेटी’.

“बंद कर ते,” काका म्हणाले. मी टीव्ही बंद केला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “अपघात झाले, फार झाले, खोटे कशाला बोलू? माझ्या हाताखालून गेलेली दोन विमाने परत आली नाहीत. त्या पोरांची नावे मला अजून पाठ आहेत. पण शवपेटीला कोणी रात्र रात्र जागून तेल-पाणी करत नाही रे.”

आणि मग एकदम, “तू म्हणाला होतास ना, कंदील करणाऱ्याला विमान जड नाही? मग कर. डोळ्यांचे माझे संपले. हाताला अजून ओळख आहे.”

आता नाही कसे म्हणायचे?

मिगचे आणि आपल्या मुलखाचे नाते पुष्कळांच्या ध्यानात नसते. आमच्या इथून कोपरगाव, येवला, निफाड ओलांडले की ओझर. तिथे द्राक्षांच्या शेजारी १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सने मिगचा कारखाना उभारला. इंजिने ओरिसातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला, आणि धड-पंख आपल्या नाशिक जिल्ह्यात, अशी वाटणी होती. आरंभी रशियातून सुटे भाग येत आणि इथे जोडले जात. पुढे भागही इथेच होऊ लागले. एफएल, एम आणि बिस अशा तीन प्रकारांची मिळून साडेसहाशेच्या वर मिग विमाने ओझरहून बाहेर पडली. काकांचे विमान त्यांतले पहिले, एफएल. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर ज्यांनी हल्ला केला ते एफएल. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. मी ठेवला नाही.

मी ठरवले की फक्त धड आधी करायचे, आणि ते मोठे करायचे. तळहाताला फिरायला जागा हवी. प्रमाण धरले फुटाला एक इंच. खऱ्या मिगचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे माझे साठ सेंटिमीटरला थोडे कमी. धड नाकावरची लांब सुई सोडून बारा मीटरच्या आसपास. माझे एक मीटर. जाडी सव्वा मीटर. माझी दहा सेंटिमीटर. हे आकडे ऐकून सौ.ने एवढेच विचारले, “आणि ते ठेवणार कुठे?”

लाकूड का नाही, पुठ्ठा का नाही, असे कोणी विचारील. कारण हाताला सगळे कळते. लाकडाचे रेषे रंगाखालूनही बोटांना लागतात, आणि पुठ्ठा दाबला की दबतो. पॉलिस्टायरीनचे पांढरे शीट मात्र घासून पत्र्यासारखे गुळगुळीत होते. शिवाय त्याला डिंक लागत नाही. विशिष्ट द्रव सांध्यावर ब्रशने सोडला की दोन्ही कडा किंचित विरघळतात आणि एकजीव होतात. त्या द्रवाची वाफ मात्र वाईट. खिडक्या उघड्या, पंखा चालू आणि पोरेबाळे बाहेर, हा नियम मी पहिल्या दिवशीच्या डोकेदुखीनंतर केला.

माझी सारी नोकरी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गेली. हात लोखंडाला सरावलेला. त्यामुळे पहिली दोन शीटे मी करवतीने कापून फुकट घालवली. हे शीट कापायचे नसतेच. पट्टी ठेवून कटरने दोन-तीनदा ओरखडा काढायचा आणि मोडायचे. खुसखुशीत चकलीसारखे ते त्याच रेषेवर तुटते. एवढे समजायला मला आठवडा लागला.

आता आकाशकंदील. कंदिलाला कामट्यांचा सांगाडा आणि वर कागद. विमानाच्या धडालाही तेच, आत सांगाडा आणि वर पत्र्याची कातडी. दोन मिलिमीटरच्या शीटच्या दोन लांब पट्ट्या एकमेकींत खाचा पाडून बसवल्या, म्हणजे आडवा छेद अधिक चिन्हासारखा झाला. हा कणा. त्यावर दर पाच सेंटिमीटरला एक गोल चकती, खाचेत सरकवून. एक मीटर लांबीला वीस गाळे, म्हणजे चकत्या झाल्या एकवीस. मिग-२१ ला एकवीस! मी हे काकांना मोठ्या कौतुकाने सांगितले. ते म्हणाले, “मोजत बसू नकोस, पीळ बघ.”

पीळ! या कामातला खरा शत्रू तोच. कणा इकडे-तिकडे वाकला तर डोळ्याला दिसतो. पण कापड पिळावे तसा तो स्वतःभोवती किंचित फिरला, तर दिसत नाही. पंख आणि शेपूट बसवायची वेळ आली की मग कळते, पंख जमिनीला समांतर आणि शेपूट कलंडलेली. आमच्या घरात खात्रीने सपाट अशी जागा एकच, स्वयंपाकघरातला कडाप्प्याचा ओटा. सौ.चा स्वयंपाक आटोपला की रात्री दहानंतर तो मला मिळे. प्रत्येक चकतीवर उभी मध्यरेषा ओढलेली. दोन्ही टोकांना गुण्या लावायचा, वरून ओळंबा सोडायचा आणि दोरा त्या रेषेवरून जातो का ते पाहायचे.

एवढे करूनही पीळ पडला. पडला तो कातडी चढवताना. अर्ध्या मिलिमीटरच्या शीटच्या अरुंद पट्ट्या मी नाकापासून शेपटाकडे, होडीला फळ्या ठोकतात तशा, लावत गेलो. एका बाजूच्या सगळ्या आधी लावल्या. द्रव सुकताना शीट आकसते. सारी ओढ एकाच अंगाला बसली. एक पट्टी डावीकडे की एक उजवीकडे, असे करायला हवे होते. सकाळी ओळंबा सोडला तर मागच्या चकतीवर दोरा रेषेपासून चार मिलिमीटर बाहेर.

मी हातपाय गाळून काकांकडे गेलो. त्यांनी विचारले, “सुटायचा सांधा केलास का?” मला ठाऊकच नव्हते. खऱ्या मिगचे धड पंखांच्या मागे दोन तुकड्यांत सुटते. इंजिन बाहेर काढायचे तर मागचा सगळा भाग मोकळा करून ट्रॉलीवर मागे ओढून घेतात. मग इंजिन उघडे पडते. काकांनी ते किती वेळा केले याची गणती नाही. “तिथेच काप,” ते म्हणाले, “आणि फिरवून पुन्हा बसव. विमानाला सांधा असतो तिथे कापलेले विमानाला लागत नाही.” मी तसेच केले. चार मिलिमीटर गेले, आणि खरा सांधा खऱ्या जागी आला.

दुसरे एक संकट सांगून टाकतो. बंद धडात द्रवाची वाफ कोंडली की ती आतून शीट मऊ करते. चार दिवसांनी माझ्या विमानाला दुष्काळातल्या बैलासारख्या बरगड्या दिसू लागल्या. चकत्यांना आधीच भोके पाडून वाफेला वाट ठेवली असती तर हे टळते. मग लांबी भरा, पाण्याचा पॉलिश पेपर मारा, पुन्हा भरा, पुन्हा मारा. दोन महिने गेले.

नाक करताना मात्र मजा आली. मिगच्या नाकात गोल तोंड आणि त्यात मधोमध शंकू. हवा त्या तोंडातून शिरते, वैमानिकाच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत मागे इंजिनाकडे जाते. वैमानिक जणू बोगद्याच्या मधोमध बसलेला असतो. विमान ध्वनीपेक्षा वेगाने जाऊ लागले की तितक्या वेगाची हवा इंजिनाला गिळता येत नाही. शंकूच्या टोकाशी धक्कालहर उभी राहते आणि हवेचा वेग मोडते. वेग वाढेल तसा शंकू पुढे सरकतो. त्याच्याच पोटात रडार. माझा शंकू लाकडी होता आणि सरकत नव्हता.

पाठीवर, वैमानिकाच्या मागून शेपटापर्यंत, एक वरंबा जातो. तो सपाट पट्ट्यांनी होत नाही, कारण दोन्ही दिशांनी गोल. पांगाऱ्याच्या लाकडाचा साचा कोरला, शीट चौकटीत आवळून गॅसवर शेकले (शंभर अंशांच्या आसपास ते पापडासारखे लुळे पडते) आणि साच्यावर दाबले. पाचव्या खेपेस जमले. वरंबा चढवला, घासला, आणि एका रविवारी धड चादरीत गुंडाळून शेजारी नेले.

काकांच्या खाटेवर दोन उशा ठेवून त्यांवर ते आडवे ठेवले. काकांनी आधी हात धुतले. मग नाकापासून सुरुवात केली. बोट तोंडात घातले, शंकूला लावले, मान हलवली. तळहात पोटाखालून मागे गेला, सुटायच्या सांध्यावर थांबला, काका हसले. मग हात वर आला, पाठीवर. तिथे तो दोनदा पुढे-मागे झाला आणि थांबला.

“हे कुणाचे आहे?”

“मिगचेच की काका.”

“मिगचे आहे. आमचे नाही. एवढी जाड पाठ एफएलला नव्हती. हे बिस आहे.”

मला नकाशा मिळाला होता तो बिसचा. मिग-२१ तेवढे सारे एक, असे मी धरून चाललो होतो. पण नंतरच्या प्रकारांत पाठीच्या वरंब्यात इंधनाची टाकी वाढवली, आणि तो फुगत गेला. एफएलची पाठ सडपातळ. काकांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते. “चांगले केले आहेस,” ते म्हणाले आणि हात मांडीवर घेतला. ओळख नसलेल्या माणसाशी बोलावे तसे ते म्हणाले.

घरी आलो. सौ. म्हणाली, “त्यांना काय कळणार होते? राहू द्यायचे होते.” तिला म्हणायचे होते ते मला समजले, पण कळले होते ना! त्याच रात्री ओट्यावर मी वरंबा कापायला घेतला. एकजीव झालेला सांधा सुटत नाही. घासूनच काढावा लागतो. पांढऱ्या भुशाने स्वयंपाकघर भरले. नवा साचा, नवे शीट, नवी लांबी. या खेपेस एफएलचे नकाशे आणि फोटो ताडून पाहिले, तेव्हा आणखी कळले. एफएलला पोटात तोफ नव्हती, गरजेला ती पोटाखाली बाहेरून टांगत. आणि वैमानिकावरचे काचेचे झाकण एकसंध, पुढच्या बाजूला बिजागरी असलेले. तेही बदलले. तीन महिने गेले.

पुन्हा तीच खाट, त्याच उशा. पुन्हा हात धुणे. या खेपेस हात पाठीवरून सरळ शेपटापर्यंत गेला, परत आला, आणि झाकणाच्या मागे स्थिरावला. काका बराच वेळ तसेच बसले. मी काही विचारले नाही.

“डिसेंबरात पहाटे पत्रा एवढा गार असायचा, की हात ठेववत नसे,” ते शेवटी म्हणाले. मग माझे बोट धरून त्यांनी धडाच्या डाव्या अंगाला एका जागी टेकवले. “इथे झाकण होते. स्क्रूचे. तू सपाट सोडले आहेस. आणि इथे एक. इथेही.”

मी खिशातून पेन्सिल काढली. त्यांनी दाखवावे आणि मी खूण करावी, असे दिवेलागणीपर्यंत चालले. सतरा खुणा झाल्या. पंख अजून व्हायचे आहेत.