सूर्याच्या राज्याची वेस

सूर्याचे राज्य कोठे संपते? नेपच्यून हा शेवटचा ग्रह सूर्यापासून पृथ्वीच्या तीसपट दूर आहे; पण सूर्याची सत्ता त्याच्याही सुमारे चौपट अंतरापर्यंत चालते. सूर्यापासून सर्व दिशांना विद्युतभारित कण अखंड वाहत असतात. हा सौरवारा ताऱ्यांमधील विरळ वायूच्या दाबाने जेथे थोपतो, तीच या राज्याची वेस. आकाशगंगेतून येणाऱ्या घातक वैश्विक किरणांचा मोठा भाग ती बाहेरच अडवते.

१९७७ साली निघालेले ‘व्हॉयेजर-१’ हे यान २०१२ मध्ये आणि त्याचे जोडयान २०१८ मध्ये वेशीपार गेले. परंतु दोन ठिकाणची पाहणी म्हणजे संपूर्ण सीमेचा नकाशा नव्हे. तो काढण्यासाठी अमेरिकेच्या ‘नासा’ने १९ ऑक्टोबर २००८ रोजी ‘आयबेक्स’ हा लहानसा उपग्रह सोडला. तो वेशीपर्यंत गेला नाही. पृथ्वीभोवतीच फिरत राहिला.

मग दूरचे कळले कसे? वेशीपाशी काही वेगवान कण बाहेरून शिरलेल्या अणूंकडून इलेक्ट्रॉन घेऊन उदासीन होतात. विद्युतभार गेल्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवू शकत नाही आणि ते सरळ रेषेत धावतात. त्यांतले मोजके पृथ्वीपाशी पोहोचतात. ‘आयबेक्स’ची दोन उपकरणे त्यांची दिशा व ऊर्जा टिपतात आणि दर सहा महिन्यांनी साऱ्या आकाशाचा नकाशा पुरा होतो.

२००९ साली पहिला नकाशा प्रसिद्ध झाला, तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. आकाशात एक अरुंद पट्टा भोवतालापेक्षा दोन-तीनपट तेजस्वी दिसत होता. कोणत्याही सिद्धान्ताने त्याचे भाकीत केले नव्हते. दोन्ही व्हॉयेजरांच्या वाटा त्याला टाळून गेल्या होत्या. वेशीबाहेरील चुंबकीय क्षेत्राशी त्याचा संबंध असावा, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

ही वेस स्थिरही नाही. २०१४ मध्ये सौरवाऱ्याचा दाब सुमारे ५० टक्क्यांनी वाढला. त्याचा पडसाद नकाशात सुमारे दोन वर्षांनी उमटला. जाणारा वारा आणि परतणारे अणू यांच्या प्रवासाला तेवढा काळ लागतो. म्हणूनच ‘आयबेक्स’ने ११ वर्षांच्या पूर्ण सौरचक्राचे नकाशे सलग काढले, हे विशेष मोलाचे.

२४ सप्टेंबर २०२५ रोजी दहा उपकरणे घेऊन ‘आयमॅप’ हे यान निघाले. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून ते हेच काम अधिक बारकाईने करणार आहे. चंद्र-मंगळाच्या प्रवासात वैश्विक किरणांपासून माणसाला जपायचे, तर त्यांना अडवणारी वेस कधी बळकट असते आणि कधी क्षीण, हे जाणणे अगत्याचे आहे.