वाघावर बसलेली प्रिया

वाघावर बसलेली देवी आपल्याला नवी नाही. नवरात्रात आपण तिचे उपवास करतो, ओटी भरतो. पण वाघावर बसलेली खेड्यातली साधी मुलगी कधी पाहिली आहे का? तिचं नाव प्रिया. ही चित्रकथेतली नायिका आहे, आणि मैत्रिणींनो, तिची ओळख करून घेण्यासारखी आहे.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला चित्रकथेतला वीर म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. पडद्यावर मात्र १९३५ सालीच मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने ‘हंटरवाली’ आणली होती. त्यातली नादिया हातात चाबूक घेऊन गुंडांना लोळवायची. प्रियाची ताकद वेगळी आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर अत्याचार झाला आणि सारा देश हादरला. भारतीय वंशाचे अमेरिकन चित्रपटकार राम देविनेनी तेव्हा दिल्लीत निदर्शनांत सामील झाले होते. एका पोलिसाशी बोलताना त्यांनी काय ऐकलं? तर दोष त्या मुलीचाच! कायदा बदलेल, पण ही समजूत कशी बदलायची, या विचारातून ‘प्रियाज शक्ती’ ही चित्रकथा तयार झाली. चित्रं काढली डॅन गोल्डमन यांनी. डिसेंबर २०१४ मध्ये ती मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये वाचकांसमोर आली.

प्रियाला शिक्षिका व्हायचं असतं, पण वडील तिला घरकामाला बसवतात. पुढे तिच्यावर अत्याचार होतो आणि घरचेच तिला बाहेर काढतात. जंगलात वाघ तिचा माग काढतो. पार्वतीमातेच्या कृपेने ती वाघाला न घाबरता सामोरी जाते आणि त्याच्यावरच बसून गावात परत येते. ती कुणाला मारत नाही बरं का. ती बोलते. मुलींना शिकवा, गप्प बसू नका, असं लोकांना सांगते.

पुस्तक सगळ्यांच्या हाती पडतंच असं नाही. म्हणून प्रिया भिंतीवर आली. मुंबईत धारावीसारख्या वस्तीत तिची मोठी चित्रं रंगवली गेली. मोबाइल त्या चित्रासमोर धरला की ते हलायचं, गोष्ट सांगायचं. २०१६ मध्ये ‘प्रियाज मिरर’ आलं, अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या मुलींवर. २०१९ मध्ये ‘प्रिया अँड द लॉस्ट गर्ल्स’ आलं, फसवून विकल्या जाणाऱ्या मुलींवर. २०२० च्या करोनाकाळात ‘प्रियाज मास्क’ या पुस्तकाबरोबर छोटा चलत्चित्रपटही निघाला. त्यात प्रियाचा आवाज आपल्या मृणाल ठाकूरचा आणि वाघाचा चक्क विद्या बालनचा! गोष्टीत प्रियाच्या मदतीला पाकिस्तानच्या ‘बुरका अव्हेंजर’ या मालिकेतली जिया येते. ही जिया पेशाने शाळेतली बाई. मला तर हे वाचून फारच बरं वाटलं.

कागद, भिंत, मोबाइल, पडदा, इतकी रूपं बदलली, तरी प्रियाची गोष्ट एकाच ठिकाणी येऊन थांबते, ती म्हणजे घराच्या उंबऱ्याशी. ‘लॉस्ट गर्ल्स’मध्येही सुटून आलेल्या मुलींकडे गाव पाठच फिरवतं. राक्षसाला हरवणं सोपं, शेजारपाजाऱ्यांची कुजबुज ऐकणं कठीण!

हे काही फक्त मोठ्या शहरांपुरतं नाही. आमच्या बावड्याहून मुली अकलूजला, इंदापूरला कॉलेजला जातात. वाटेत कुणी त्रास दिला, तरी कितीतरी जणी घरी सांगत नाहीत. भीती त्या पोराची नसते; ‘उद्यापासून कॉलेज बंद’ हे ऐकायची असते. म्हणजे त्रास देणारा मोकळा आणि शिक्षण सुटलं मुलीचं!

तेव्हा लेक काही सांगायला आली, तर हातातलं काम बाजूला ठेवून आधी तिचं पूर्ण ऐकून घ्या. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न तोंडातून निघू देऊ नका. आणि प्रियाची गोष्ट मुलींना सांगाल तेव्हा मुलांनाही शेजारी बसवा. खरं म्हणजे त्यांनाच ती आधी सांगायला हवी.