धानाच्या बांधीतील पाणी : किती आणि केव्हा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत धान हेच मुख्य पीक होय. येथील बऱ्याच बांध्या गावतलावाच्या पाण्यावर पिकतात. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी ज्यांपैकी अनेक बांधले, ते हे तलाव पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर शासनाकडे आले. त्यांतील कित्येक आज गाळाने उथळ झाले आहेत. पाणी मोजके आणि बांध्या पुष्कळ, अशा ठिकाणी ते पाणी धानाच्या कोणत्या वयात द्यावयाचे, यावरच दाणा भरतो किंवा पोचट राहतो.

बांधी काठोकाठ भरलेली असली म्हणजे पीक निर्धास्त, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज अर्धाच खरा आहे. धानाच्या पानांपासून मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या बारीक पोकळ्या असतात, म्हणून ते पाण्यात तग धरते. गहू किंवा तूर तशी धरणार नाही. परंतु पाण्यात तगणे आणि खोल पाण्यामुळे अधिक पिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधीत साचलेले पाणी तण दाबून ठेवते आणि पावसाचा खंड पडल्यास आधार देते. त्यासाठी दोन इंच, म्हणजे ५ सेंटिमीटर पाणी पुरेसे असते. रोवणीनंतर पाणी त्याहून फार खोल ठेवल्यास रोप उंच व नाजूक वाढते, फुटवे कमी निघतात, आणि पुढे वारा सुटला की पीक लोळते. शिवाय भरलेल्या बांधीत पावसाचे पाणी मावत नाही. ते धुऱ्यावरून वाहून जाते आणि नंतर त्याची भरपाई तलावातून करावी लागते.

धानाचे उत्पन्न एकाच वेळी ठरत नसते. लोंब्या किती येणार हे फुटव्यांच्या काळात ठरते. एका लोंबीत दाणे किती, हे गर्भ धरताना, म्हणजे फुलोऱ्याच्या सुमारे ३५ दिवस आधीपासून ठरत जाते. त्यातील किती भरणार, याचा निकाल फुलोरा व त्यापुढील काही आठवड्यांत लागतो. फुटव्यांच्या काळात थोडी ओढ बसली तर पीक पुढे बरेचसे सावरते. फुलोऱ्यात बसलेली ओढ मात्र भरून निघत नाही. लोंबी पूर्ण बाहेर पडत नाही, फलधारणा चुकते, आणि पांढऱ्या रिकाम्या लोंब्या उभ्या राहतात.

उशिरा येणाऱ्या जाती साधारणतः ऑक्टोबरच्या सुमारास निसवतात. पाऊस परततो तोही याच दिवसांत. ऑगस्टमध्ये तुडूम सतत उघडे ठेवून तलाव रिकामा केलेल्या गावात निसवत्या धानाला पाणी उरत नाही, आणि तीन महिन्यांची मेहनत त्या पंधरवड्यात वाया जाते.

तलावाचे पाणी एका बांधीतून दुसरीत सोडण्याची रीत जुनी आहे. तिला पाट लागत नाहीत, म्हणून ती सोयीची वाटते. तथापि वरच्या बांधीतील खत खाली वाहून जाते, तणांचे बी व कडा करप्यासारखे रोगही पाण्याबरोबर पसरतात, आणि खालच्या शेतकऱ्याला पाणी हवे असो वा नसो, वरच्याच्या मर्जीवर राहावे लागते. धुऱ्याकडेने लहान पाट काढून प्रत्येक बांधीला स्वतंत्र तोंड ठेवणे हा त्यावरील उपाय होय. त्यात थोडी जमीन जाते व भाऊबंदांची समजूत घालावी लागते; दुसरे काम पहिल्यापेक्षा जड असते, हे गावात काम करणाऱ्यांना सांगावयास नको.

स्वतंत्र पाणी मिळू लागले म्हणजे आळीपाळीने भिजवण्याची व सुकू देण्याची पद्धत अवलंबता येते. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हिचा प्रसार केला आहे. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची प्लॅस्टिकची किंवा बांबूची रुंद नळी घ्यावी. तिच्या खालच्या अर्ध्या भागास छिद्रे पाडून तो भाग मातीत रोवावा व आतील माती काढून टाकावी. बांधी वरून सुकली तरी नळीत पाणी दिसत राहते. ते जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा ५ सेंटिमीटर पाणी द्यावे. रोवणीनंतर दोन आठवड्यांनी, तण आटोक्यात असल्यास, हा क्रम सुरू करावा. फुलोऱ्याच्या आधी एक आठवडा ते नंतर एक आठवडा मात्र बांधीत पाणी उभे असावे.

२०१७ मध्ये जगातील ५६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. या मर्यादेत सुकवलेल्या धानाचे उत्पन्न लक्षणीय घटले नाही आणि पाणी सुमारे २३ टक्के कमी लागले. मर्यादेपलीकडे सुकवलेल्या शेतांत मात्र उत्पन्न सुमारे २३ टक्क्यांनीच घटले. म्हणून नळीवाचून अंदाजाने सुकवणे धोक्याचे. भारी जमिनीत रुंद भेगा पडल्या तर दिलेले पाणी भेगांवाटे खाली निघून जाते, आणि बचतीऐवजी नुकसान पदरी येते.

युरियाचा हप्ता पाणी देण्याच्या लगेच आधी, पाणी नसलेल्या बांधीत टाकावा. आधी भिजवून, मग सुकवून, पुन्हा भिजवल्यास मातीतील नत्राचा काही भाग वायुरूपाने उडून जातो.

एकट्याने नळी रोवून तलाव वाचत नाही. तुडूम केव्हा उघडावयाचे व कोणत्या दिवशी कोणाची पाळी, हे रोवणीपूर्वीच साऱ्या खातेदारांनी बसून ठरवावे, आणि निसवण्याच्या वेळच्या एका पाण्याइतका साठा तलावाच्या पाळीवर खूण करून राखून ठेवावा. त्या खुणेखाली पाणी उतरू न देणे हे सर्वांचे काम.

कापणीपूर्वी आठ-दहा दिवस बांधी निचरून घ्यावी. उभ्या धानात लाखोळी फेकावयाची असेल, तर उभे पाणी काढावे पण ओल जाऊ देऊ नये. बी चिखलावर पडून रुजले पाहिजे, पाण्यात कुजता कामा नये.