विश्लेषण : डीएनए चाचणी कंपनी विकली गेली, तर तुमच्या माहितीचे काय?

लाळेची नळी कुरिअरने पाठवली की काही आठवड्यांत अहवाल मोबाइलवर येतो. पुण्यात किंवा अमेरिकेत नोकरी करणारा मुलगा ही चाचणी हौसेने करतो, पण माहिती त्याच्या एकट्याची नसते. सख्ख्या भावंडांचा सुमारे निम्मा डीएनए समान असतो, चुलत-मावस भावंडांचा साधारण आठवा हिस्सा. म्हणजे वसमत किंवा कळमनुरीत राहणाऱ्या ज्या नातेवाइकाने कधी कशावर सही केली नाही, त्याचीही थोडीफार माहिती त्या कंपनीकडे गेलेली असते. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही.

अमेरिकेत काय घडले?

‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीने २३ मार्च २०२५ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहक सुमारे दीड कोटी. त्याआधी २०२३ मध्ये तिच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती हॅकरांच्या हाती लागली होती. कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता रॉब बोन्टा यांनी अर्जाच्या दोन दिवस आधीच लोकांना डेटा हटवण्याचा सल्ला दिला. लिलावात ‘रिजेनेरॉन’ या औषध कंपनीने २५.६ कोटी डॉलरची बोली लावली. अखेर कंपनीच्या सहसंस्थापक अ‍ॅन वोजिस्की यांच्या ना-नफा संस्थेने ३०.५ कोटी डॉलर देऊन ती घेतली. दरम्यान सुमारे १९ लाख ग्राहकांनी डेटा हटवण्याची मागणी केली होती. बाकीच्यांचा डेटा नव्या मालकाकडे गेला. कंपनीच्या गोपनीयता धोरणात तशी तरतूद आधीपासूनच होती, ती वाचली किती जणांनी हा प्रश्न वेगळा.

भारतात असे झाले आहे का?

मालकी बदलली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये रिलायन्स समूहाने बेंगळूरुच्या ‘स्ट्रँड लाइफ सायन्सेस’ या जनुकीय चाचणी कंपनीतील बहुसंख्य हिस्सा ३९३ कोटी रुपयांना घेतला. अशा व्यवहारात शेअर हात बदलतात, कंपनी कागदोपत्री तीच राहते. त्यामुळे ग्राहकाची नव्याने संमती घेण्याचा प्रसंगच सहसा येत नाही.

आपला कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती, डेटा पुसून घेण्याचा हक्क यांसारख्या मुख्य तरतुदी मात्र १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. त्यातही दोन पळवाटा दिसतात. जनुकीय माहितीला वेगळा, अधिक कडक दर्जा दिलेला नाही. शिवाय कलम १७ नुसार न्यायालय किंवा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरणासाठी डेटा वापरताना संमती आणि ग्राहकाचे हक्क यांतून सूट मिळते. डेटा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी कायम राहते. त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आज काय करता येईल?

चाचणी केली असेल तर अहवाल आधी उतरवून घ्या, मगच खाते बंद करा. अ‍ॅप मोबाइलमधून काढले म्हणजे डेटा पुसला गेला, असे नाही. तशी विनंती ईमेलने करून उत्तर जपून ठेवा. लाळेचा नमुना प्रयोगशाळेत वेगळा साठवलेला असू शकतो, तो नष्ट करण्याची मागणी स्वतंत्रपणे लिहा. संशोधनासाठी दिलेली संमतीही मागे घ्या. मात्र पूर्ण झालेल्या संशोधनात वापरली गेलेली माहिती परत मिळत नाही.