पैठणीची मजुरी

गावगाड्यातील सुताराला किंवा लोहाराला आपल्या कसबाचे मोल तोंडाने मागावे लागत नसे. सुगीत खळ्यावर रास पडली, की त्याच्या वाट्याचे बलुते परंपरेने ठरलेलेच असे, आणि त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात या हक्कांची जी बारकाईने नोंद आहे ती वाचली म्हणजे त्या व्यवस्थेतील सुरक्षितता आणि जाच या दोहोंचीही कल्पना येते. पैठणीसारखे उंची वस्त्र मात्र गावच्या खळ्यावर खपणारे नव्हते. त्याचे गिऱ्हाईक दरबारी, दूरचे आणि श्रीमंत; म्हणून ते विणणाऱ्याच्या नशिबी घासाघीस आली, ती आजतागायत सुटलेली नाही.

येवल्यात आज पुष्कळ विणकर व्यापाऱ्याकडून रेशीम व जर घेऊन ठरीव मजुरीवर नग विणून देतात. मजुरीचा आकडा कबूल करताना बहुतेकांची नजर मागावर बसण्याच्या दिवसांवरच असते, आणि हिशेबाची पहिली गफलत इथेच होते. उदाहरणापुरते असे धरू, की एका पैठणीस चाळीस दिवस लागले आणि सोळा हजार रुपये ठरले; म्हणजे रोजाचे चारशे पडले, असे वाटते. परंतु ताणा सांधून माग सिद्ध करण्यात पाच दिवस गेलेले असतात, आणि घरातील बायामाणसांनी रेशीम उकलून कांड्या भरण्यात जो वेळ घालविला तो एका माणसाचे पंधरा दिवस भरतो. साठ दिवसांवर तीच रक्कम वाटली, तर रोज पावणेतीनशेच्याही आत येतो. घरच्या बाईच्या श्रमाला दाम नसतो, ही समजूत व्यापाऱ्याला फार सोयीची आहे.

दुसरी गोष्ट पदराची. काठापदराच्या नक्षीत प्रत्येक रंगाची कांडी निराळी, आणि शेजारच्या रंगाशी धागा हातानेच गुंतवून घ्यावयाचा. त्यामुळे साधे अंग झपाट्याने उतरते, तर मोर-मुनियांनी भरलेला पदर दिवसाकाठी काही बोटेच पुढे सरकतो. यास्तव ‘एका नगास इतके’ हा दर अन्यायाचा होय. पदराची लांबी, नक्षीची दाटी आणि रंगांची संख्या पाहून पदराची मजुरी वेगळी ठरविणेच रास्त, आणि मध्येच नमुना बदलला तर जादा दाम कोणते, हेही आधीच लिहून घ्यावे.

कायद्याचा आधार अगदीच नव्हता असे नाही. 1948 च्या किमान वेतन अधिनियमाच्या सतराव्या कलमान्वये, ज्या नोकराचे काम नगावर चाले पण किमान दर वेळेवर ठरलेला असे, त्यालाही त्या दरापेक्षा कमी देता येत नसे. पण घरच्या मागावर बसणारा नोकर की स्वतंत्र कारागीर, हे ठरविण्यातच त्या कायद्याचा आधार पातळ होत असे. पैठणीला 2010 साली मिळालेली भौगोलिक मानांकनाची सनद नावाचे रक्षण करते. मजुरीविषयी ती मूक आहे.

खरी गोम उचलीत आहे. लग्नकार्यासाठी वा आजारपणासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ज्याच्या खाती नावे पडली आहे, त्याला दुसऱ्या व्यापाऱ्याचा चढा भाव ऐकूनही उपयोग नसतो. यातून सुटण्यासाठी जो स्वतः रेशीम विकत घेऊन विणतो, त्याला विक्रीचा नफा मिळतो खरा. पण वस्त्र विकले जाईपर्यंत भांडवल अडकते, म्हणून त्या मुदतीचे व्याज आणि न खपलेल्या नगाची जोखीम किमतीत धरल्याखेरीज त्याने भाव बोलू नये.