कर्ज कार्डाचं, घर दोघांचं

आठवडाभर बारा-बारा तासांची पाळी करून सुट्टीच्या संध्याकाळी कर्जावरचं भाषण ऐकायला यायचं, म्हणजे विषय घरापर्यंत आलेला आहे. तेव्हा प्रस्तावना आवरती घेऊ.

आपल्या वसईला कर्ज नवीन नाही. बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक 1918 साली सुरू झाली. पतपेढ्या तर गावोगावी आहेत. पण पतपेढीचं कर्ज काढायचं म्हणजे जामीनदार हवा. जामीनदार शोधता शोधता निम्म्या गावाला कळतं, बायकोला तर पहिल्याच दिवशी. क्रेडिट कार्डाला जामीनदार लागत नाही. मोबाईलवर अर्ज, आठवड्याभरात कार्ड घरी. सोय मोठी आहे, पण जामीनदाराबरोबर एक पहारेकरीही गेला. म्हणून जोडप्यांच्या बाबतीत आम्हाला पहिला प्रश्न रकमेचा वाटत नाही. ही रक्कम दोघांना माहीत आहे का, हा पहिला प्रश्न.

आता आकडा बघू. समजा, नवरा वालीवच्या एका गाळ्यात मशीनवर आहे, बायको पॅकिंगला जाते, आणि त्याच्या कार्डावर 2,00,000 रुपये थकलेत. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे 7,000 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,260. झाले 8,260. बिलावर ‘किमान देय रक्कम’ लिहिलेली असते, ती 5 टक्के धरली तर 10,000 रुपये. हा माणूस इमानदारीत दहा हजार भरतो आणि मुद्दल कमी होतं 1,740 रुपयांनी! शिवाय मागचं बिल पूर्ण फिटलेलं नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दुकानातून किराणा आणला, त्याच दिवसापासून व्याज.

‘एवढं व्याज कायद्याला चालतं का?’ असं लोक विचारतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 7 जुलै 2008 ला निर्णय दिला होता की थकलेल्या कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांच्या वर व्याज लावणं ही अनुचित प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 ला तो निर्णय रद्द केला. म्हणजे आज ती मर्यादा नाही. त्या आशेवर थांबून राहू नका.

मग करायचं काय? आधी एक संध्याकाळ काढा, मुलं झोपल्यावर. दोघांनी आपापला क्रेडिट अहवाल काढायचा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि हायमार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. नवराबायकोचा एकत्र अहवाल नसतो, ज्याचा त्याचा वेगळा. एका कागदावर सगळं लिहा: कुठलं कार्ड, किती बाकी, किती टक्के, शेवटची तारीख कोणती. त्या संध्याकाळी ‘कशावर उडवले?’ हा प्रश्न विचारायचा नाही. तो जरूर विचारा, पण नंतर. आधी विचारला तर दुसरं कार्ड लपवलं जातं.

दुसरी गोष्ट, हे कर्ज कोणाचं? लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या कार्डाची बाकी बायकोवर येत नाही, आणि बायकोची नवऱ्यावर येत नाही. जोडकार्ड असेल तर देणं मूळ कार्डधारकाचं. बायको देणेकरी होते ती सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली तर. म्हणून ‘नुसती सही कर गं’ म्हटलं की थांबा, कागद वाचा. स्त्रीधन हे तिचं आहे. ते गहाण टाकायचं तर तिच्या मनापासून, आणि ते परत कधी सोडवायचं ती तारीख ठरवून. सोनेतारणाचा दर कार्डापेक्षा पुष्कळ कमी असतो हे खरं, पण हप्ते चुकले तर लिलाव होतो तो तिच्या दागिन्यांचा.

तिसरी गोष्ट, महाग कर्ज स्वस्तात बदलणं. तेच दोन लाख 16 टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जावर तीन वर्षांसाठी नेले तर हप्ता येतो साधारण 7,030 रुपये. दहा हजार भरून जे हलत नव्हतं, ते सात हजारात 36 महिन्यांत संपतं. प्रक्रिया शुल्क धरा, दर विचारून घ्या. एक अट मात्र पाळा: कार्ड त्याच दिवशी बंद करायला टाका. नाहीतर सहा महिन्यांनी हप्ताही असतो आणि कार्डही पुन्हा भरलेलं असतं. बाकी फेडून बंद करण्याचा अर्ज दिला की बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर दिवसाला 500 रुपये दंड तिने ग्राहकाला द्यायचा, असं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे.

कर्ज मिळालंच नाही तर? बँकेला लेखी कळवा, बाकी हप्त्यांत बांधून मागा. ‘सेटलमेंट’ शेवटी. रक्कम कमी होते, पण अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते, आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ती आडवी येते. केलीच तर पैसे देण्याआधी बँकेचं पत्र हातात घ्या. वसुलीवाल्याच्या शब्दावर पैसे देऊ नका.

वसुलीवाल्यांचं भय आम्ही समजू शकतो. चाळीत कोणी दारात उभं राहून ओरडलं की माणूस खचतो. पण नियम माहीत असू द्या. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. चारचौघांत अपमान करणं, घरच्यांना किंवा मित्रांना छळणं याला मनाई आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही. माहितीसाठी क्रमांक 14448. पैसे नाहीत म्हणून बिल थकलं, एवढ्यावर पोलीस अटक करत नाहीत. मात्र दिलेला चेक वटला नाही तर फौजदारी होऊ शकते, तेव्हा खात्यात पैसे नसताना चेक देऊ नका. आणि प्रकरण दिवाणी कोर्टात जाऊन जप्ती आली तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे घरातली स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, गरजेचे कपडे आणि धार्मिक रूढीने स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. ‘मंगळसूत्र उचलून नेऊ’ ही नुसती धमकी.

आत्ताच एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘ह्यांनी सांगितलंच नाही, मला मेसेज दिसला. भांडू की गप्प बसू?’ ताई, गप्प बसू नका. राग येणारच, तो खोटा नाही. पण त्यांनी पैसे कुठे घातले, हे कागदावर येऊ द्या. आईच्या आजारपणात गेले असतील तर बोलणं वेगळं, मोबाईलवरच्या जुगारात गेले असतील तर वेगळं. दुसऱ्या बाबतीत फक्त कर्ज फेडून भागत नाही, आधी ते व्यसन थांबवावं लागतं, आणि तोवर तुमची कमाई तुमच्याच खात्यात ठेवा.

आणि इथे बसलेल्या पुरुषांना, आणि लपवून कार्ड वापरणाऱ्या बायकांनाही, एवढंच सांगणं: बिलाची तारीख येईलच. मेसेज दिसायच्या आधी आपल्या तोंडून कळू द्या. आज घरी गेल्यावर कागद तेवढा काढा.