पावसाचा हिशेब

मंडळी, तालुक्यात 20 मिलिमीटर पाऊस झाला, असे आपण बातम्यांत ऐकतो. पण त्याचे हंडे किती, हे कोणी सांगत नाही. हिशेब सोपा आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाणी साचले, की ते बरोबर एक लिटर भरते. एवढे ध्यानात ठेवा. पुढे नुसता गुणाकार.

गुरुजी, शाळेचे छप्पर घ्या. उतरता पत्रा मोजायचा नाही, पत्र्याखाली झाकलेली जमीन मोजायची. ती 20 मीटर लांब, 6 मीटर रुंद असली तर 120 चौरस मीटर झाली. वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटर धरला, तर पाणी 60,000 लिटर. पन्हळीतून थोडे सांडते, पहिल्या सरीचे धुळकट पाणी सोडून द्यावे लागते. म्हणून पाचवा हिस्सा वजा करा. उरले 48,000. शंभर मुलांना रोज दोन-दोन लिटर दिले, तर 240 दिवसांची सोय झाली!

पण खरी मेख इथेच आहे. 500 ही सरासरी. एका साली 750 आणि दुसऱ्या साली 250 पडला, तरी सरासरी 500च येते. 250च्या साली मात्र पाणी 120 दिवसांत संपणार. तहान काही सरासरीने लागत नाही. तेव्हा पाऊसमानाच्या जुन्या नोंदी काढा आणि वाईट सालाचा आकडा धरून चाला.

आता गावाकडे वळू. हजार वस्तीला माणशी रोज 55 लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे 2 कोटी लिटर लागतात. आणि एक हेक्टर उसाला? पीक निघेपर्यंत त्याला 1,500 ते 2,500 मिलिमीटर पाणी लागते. मधला 2,000चा आकडा घेऊन 10,000 चौरस मीटरने गुणा. तेही 2 कोटी लिटरच! त्यातले पन्नास लाख फार तर आभाळ देईल. बाकीचे विहिरीतून उपसायचे, आणि त्याच झऱ्यावर शेजाऱ्याचीही विहीर असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हा हिशेब ग्रामसभेत आणला. तिथला पाऊस कमीच. तो मोजायचा, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर पिके ठरवायची. ऊस-केळीला मनाई, शेतीसाठी बोअरलाही मनाई. सगळ्यांना हे पहिल्या दिवशी गोड लागले असेल, असे मला वाटत नाही.

मोजायला महागडे यंत्र नको. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याला पट्टी लावा. डबा रुंद असला काय नि अरुंद असला काय, आकडा तोच येईल. का, ते मुलांनाच शोधू द्या.